पिकअप वाढवून देता का?

तिशीच्या आत प्रत्येकाने एक तरी मूर्खपणा स्वतःच्या पैशाने करावा, असं माझं मत आहे. माझ्या एका मैत्रिणीने गोव्यात पाठभर टॅटू काढून घेतला. दुसरीने बँकेतली सुखाची नोकरी सोडून बेकरी टाकली. मी गाडीचं सॉफ्टवेअर बदललं!

गाडी म्हणजे २०१४ ची, दुसऱ्या हातातली पोलो जीटी टीएसआय. आता तुम्ही म्हणाल, पोलो ही काय स्पोर्ट्स कार झाली? मान्य. छप्पर उघडत नाही, दारं चार आहेत आणि मागच्या सीटवर आई, मावशी आणि बर्डीवरून आणलेल्या भाजीच्या तीन पिशव्या आरामात मावतात. पण फ्रीलान्स पत्रकाराच्या मानधनात (जे येतं तेव्हा येतं) हीच आमची पोर्शे. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी. २०१३ साली ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा मी शाळेत होते आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर तिचं चित्र होतं. बाकीच्या मुलींच्या वह्यांवर कोण होतं ते विचारू नका. चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे हातात आलेली गाडी आता जपायची, एवढं शहाणपण मला होतं. असायला हवं होतं, म्हणा.

तर ट्यून म्हणजे काय? हल्लीच्या गाडीत इंजिनला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी पाडायची, टर्बोने हवा किती दाबायची, हे सगळं एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात. त्याच्या पोटात आकड्यांचे तक्ते असतात. इतक्या आरपीएमला, इतका ॲक्सिलरेटर दाबला, तर एवढं द्या. हे तक्ते कंपनी हात राखून बनवते. कारण तीच गाडी राजस्थानात धावणार असते आणि लेहलाही, कोणी तिच्यात चांगलं पेट्रोल टाकणार असतं आणि कोणी कुठल्याशा पंपावरचं काहीही, कोणी वेळेवर सर्व्हिसिंग करणार असतं आणि कोणी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणार असतं. या सगळ्यांसाठी थोडी शिल्लक ठेवलेली असते. ट्यूनर येतो, डॅशबोर्डखालच्या सॉकेटला केबल लावतो, तक्ते बदलतो आणि ती शिल्लक तुमच्या हातात देतो. ना एक स्क्रू फिरत, ना एक पार्ट बदलत. स्टेज वन म्हणतात याला.

याचं वेड आपल्याकडे कुठून आलं, याचं माझ्याकडे एक लाडकं उदाहरण आहे. २००४ साली स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस आपल्याकडे आणली. कंपनीचा कारखाना आपल्याच शेंद्र्यात, तेव्हाच्या औरंगाबादजवळ. १.८ लिटरचं टर्बो इंजिन, ताकद १५० पीएस. आणि त्याच १.८ टर्बोच्या जोरावर युरोपातली आरएस १८० पीएस द्यायची! मधले तीस घोडे कुठल्या तबेल्यात बांधून ठेवलेत, असा प्रश्न गाडीवेड्या पोरांना पडला नसता तरच नवल. लॅपटॉपवाल्यांचा धंदा या प्रश्नावरच उभा आहे.

एनीवे, माझ्या घरी हा प्रश्न ऑक्टाव्हियाच्या कितीतरी आधीपासून होता. कारण माझं घर वाडीला आहे.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. अमरावती रोडने निघालात की विद्यापीठाचा कॅम्पस मागे पडतो आणि मग वाडी लागते. एका बाजूला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि बाकी सगळीकडे ट्रक. ट्रान्सपोर्टची ऑफिसं, गोडाऊन, टायरवाले, कमानपाटेवाले, बॉडीवाले, ढाबे. कॉलेजात 'कुठे राहते?' विचारलं की मी 'अमरावती रोड' सांगायचे. वाडी म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर डिझेलचा वास यायचा ना!

माझे बाबा पंप-नोझलवाले. म्हणजे डिझेल गाडीचा फ्युएल पंप आणि इंजेक्टर खोलून, साफ करून, टेस्ट बेंचवर मोजून परत बसवणारे. मायकोचा पंप त्यांनी किती वेळा खोलला असेल याचा हिशेब नाही. (ती मायको कंपनी २००८ मध्ये नावानेही बॉश झाली, पण आमच्या दुकानात अजून मायकोच.) पंपावर एक स्क्रू असतो, फुल लोडला डिझेल किती जाईल ते ठरवणारा. त्यावर कंपनीचं शिशाचं सील. आणि लहानपणापासून मी ड्रायव्हर लोकांचं एकच वाक्य ऐकत आले, "मिस्त्री, थोडा पिकअप बढा दो ना." बाबांच्या भाषेत याला 'पंप वाढवणं' म्हणतात. पाव आटा फिरवला की ट्रक चढावर पळायचा आणि मागे काळा धूर. अर्धा आटा फिरवला की... बाबा अर्धा आटा फिरवायचे नाहीत. का, ते मला फार उशिरा कळलं.

मग कॉमन रेल आलं, इलेक्ट्रॉनिक इंजेक्टर आले, बीएस फोर आणि २०२० मध्ये बीएस सिक्स. स्क्रू गेला आणि बाबांचं गिऱ्हाईकही गेलं. आता अर्धं दुकान बॅटरीवाल्याला भाड्याने दिलंय. टेस्ट बेंच मागच्या भिंतीला लागून आहे. त्यावर आईने लोणच्याच्या बरण्या ठेवल्या तेव्हा बाबा दोन दिवस बोलले नव्हते.

अशा माणसाला 'मी गाडी ट्यून करतेय' हे कोण सांगणार? मी नाही सांगितलं.

ट्यूनर बाहेरगावचा. महिन्यातून एकदा नागपुरात येतो, सात-आठ गाड्या करतो, जातो. वाडीतच एका मित्राच्या गोडाऊनमध्ये, संत्र्याच्या रिकाम्या क्रेटच्या थप्प्यांमध्ये आमचं ऑपरेशन झालं. त्याने आधी बॅटरीला चार्जर लावला, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयूची वीट होते म्हणे. मग ओरिजिनल फाईल वाचून जपून ठेवली, नवी चढवली. मी विचारलं, कंपनीने कुलूप वगैरे नाही लावलेलं? तो म्हणाला, असतं की. चेकसम म्हणतात. आकडे बदलले की बेरीज जुळत नाही आणि गाडी सुरू होत नाही, म्हणून बेरीजही नव्याने जुळवून द्यायची. मला एकदम बाबांचं शिशाचं सील आठवलं. अर्धा-पाऊण तास, २८ हजार रुपये, रोख. त्याचं म्हणणं, आता १३० च्या वर पीएस आणि सव्वादोनशेच्या आसपास टॉर्क. मोजून दाखवायला डायनो नव्हता, तेव्हा हे आकडे त्याच्या भरवशावर. "मॅडम, यापुढे नको. हा गिअरबॉक्स अडीचशे न्यूटन मीटरचा आहे," हेही त्यानेच सांगितलं. प्रामाणिक मुलगा होता, मी उगाच नावं ठेवणार नाही. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती. स्पार्क प्लग नवीन टाका. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.

आणि गाडी? काय सांगू! पूर्वी ॲक्सिलरेटर दाबला की पोलो आधी विचार करायची, मग पळायची. आता विचार बंद. सकाळी साडेपाचला गोंडखैरीकडे जाताना तिसऱ्या गिअरमध्ये मागून कोणीतरी ढकलल्यासारखं वाटलं आणि मी एकटीच गाडीत ओरडले. आनंदाने. एखादा लेख छापून आल्यावर होतो तसा, पण पायात होणारा आनंद. ज्यांना झालाय त्यांना कळेल, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

मी पत्रकार आहे, त्यामुळे मूर्खपणासुद्धा आधी करते आणि रिसर्च नंतर. रिसर्च असा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली, दर बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता सायलेन्सर बदलला तर पोलिसाला चार चौकांवरून ऐकू येतो. ट्यून मात्र दिसत नाही, ऐकू येत नाही. पीयूसीला गाडी जागच्या जागी उभी असते, तिथे काय कळणार? सॉफ्टवेअरमधली चोरी किती सफाईने लपते हे २०१५ मध्ये फोक्सवॅगननेच जगाला दाखवलं होतं. त्यांच्या डिझेल गाड्या टेस्ट चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरत्या सोवळ्यात वागायच्या! जगभरात एक कोटी दहा लाखांच्या आसपास गाड्या. माझ्या पेट्रोल पोलोचा त्याच्याशी संबंध नाही, पण कंपनीने केला तो घोटाळा आणि मी केला तो छंद, असं म्हणायला जीभ जरा अडखळते.

त्याहून टोचणारी गोष्ट इन्शुरन्सची. रिन्यूअलच्या वेळी गाडीत काही बदल केलाय का, या प्रश्नापुढे मी 'नाही'वर टिक केली होती. दोन सेकंदांचं काम. उद्या माझ्या गाडीखाली कोणी आलं आणि कंपनीने ईसीयू तपासला, तर त्या माणसाच्या घरच्यांना मी काय सांगणार होते, हा विचार त्या दोन सेकंदांत आला नव्हता. तो आला समृद्धी महामार्गावर.

नागपूर ते शिर्डी हा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला आणि जून २०२५ मध्ये सगळे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. सुरुवात शिवमडक्याला, वाडीहून फार लांब नाही. कारसाठी मर्यादा ताशी १२० किलोमीटर. सरळसोट सिमेंटचा रस्ता, मध्ये ना गाव, ना सिग्नल, ना बैलगाडी. ट्यून केलेल्या गाडीला एवढा मोकळा रस्ता म्हणजे डायबेटिसवाल्याला हल्दीरामच्या दुकानात रात्रभर कोंडून ठेवण्यासारखं. मे महिन्यातली दुपार. मी आणि माझी फोटोग्राफर मैत्रीण, संभाजीनगरला एका असाइनमेंटला निघालेलो. किती स्पीड होता ते मी इथे लिहिणार नाही. बाबा हा अंक वाचतात.

विदर्भातल्या मेमध्ये हवा नुसती गरम नसते, ती विरळही असते. तिला टर्बोने दाबलं की ती आणखी तापते. तशात टाकीत साधं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल, कारण आदल्या रात्री ९५ वाल्या पंपापर्यंत जायचा कंटाळा केला होता आणि नव्या फाईलला ९५ च हवं, असं ट्यूनरने बजावलं होतं. अशा वेळी ठिणगीने पेटवलेली ज्योत पोचायची वाट न बघता उरलेलं पेट्रोल आपणहून पेटतं, त्याला नॉकिंग म्हणतात. ईसीयूला ते ऐकू येतं आणि तो बिचारा ठिणगीची वेळ मागे मागे ओढत राहतो. कंपनीने शिल्लक ठेवली होती ती याच दिवसासाठी. ती मी २८ हजार देऊन खर्च केली होती.

कारंजा लाड यायच्या अलीकडे ट्रक ओव्हरटेक करत होते. अर्ध्यात पोचले आणि गाडीने मान टाकली. एक झटका, दुसरा झटका. इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला, बाजूला ईपीसी असं लिहून आलं आणि ॲक्सिलरेटर दाबला तरी काही नाही. डावीकडे ट्रक, आरशात मागून येणारी बस मोठी मोठी होतेय. मैत्रिणीने डोळे मिटले. ट्रकवाल्याला काय दिसलं कोण जाणे, त्याने ब्रेक मारला, मला आत घेतलं आणि एकदा लांब हॉर्न वाजवून निघून गेला. त्या भल्या माणसाचा ट्रक कधीकाळी आमच्या दुकानावरून गेला असेल, असं मला उगाचच वाटत राहतं.

ताशी पन्नासने रडतखडत कारंजाला उतरलो, पेट्रोल पंपावर सावलीत गाडी लावली. हात थरथरत होते. फोन कोणाला केला असेल?

"बंद नको करू. बोनेट उघड अन् फोन जवळ धर," बाबा म्हणाले. मी धरला. दीडशे किलोमीटरवर वाडीत बसलेला माणूस अर्धा मिनिट काही बोलला नाही.

"एक सिलिंडर मिस करून राह्यलं. प्लग केव्हा टाकले होते?"

मी गप्प.

"अन् पंप वाढवला ना गाडीचा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच दिवशी कळलं होतं. गेटातून निघताना आवाज बदलला. सहा महिने झाले, वाट पाहून राह्यलो, आज सांगन, उद्या सांगन." मग थोडं थांबून, "लागलं तर नाही ना कोनाले?"

कारंजातल्या एका मिस्त्रीने प्लग काढून दाखवले. झिजून गॅप वाढलेला. जास्त दाबाखाली ठिणगी पडायच्या आधीच विझत होती. चार प्लग, दोन तास. असाइनमेंट बुडाली.

त्या रात्री जेवताना बाबांनी काही म्हटलं नाही. ताट धुतल्यावर मला दुकानात घेऊन गेले, बेंचवरच्या बरण्या बाजूला केल्या. मी दुसरीत असेन तेव्हाची गोष्ट. एका मालकाने हट्ट धरला होता, ओव्हरलोड माल आहे, पंप चांगला वाढवून द्या, पैसे डबल. घरी पैशांची गरज होती. बाबांनी अर्धा आटा फिरवला. तिसऱ्या दिवशी घाटात पिस्टन वितळला. गाडी मागे सरकली, क्लीनर उटी लावायला उतरला होता, त्याचा पाय गेला. मालकाने बाबांचं नाव घेतलं नाही, कारण ओव्हरलोडची भानगड त्याच्याही अंगाशी आली असती. बाबा दोन वर्षं त्या पोराच्या घरी पैसे पाठवत होते. आईला आजही माहीत नाही. (आता होईल. मी छापायच्या आधी विचारलं, ते म्हणाले, लिही.)

"तुह्या त्या पोरानं काय बदललं, दाखव मले," ते म्हणाले.

माझ्याकडे ट्यूनरने पाठवलेले स्क्रीनशॉट होते. बाबांनी चष्मा लावला. वर आरपीएम, बाजूला लोड, मध्ये आकडे. त्यांना इंग्रजी फार येत नाही, पण त्या तक्त्यावरून त्यांचं बोट असं फिरत गेलं जसं माझं जुन्या लेखावरून फिरतं. "हा डिलिव्हरीचा," ते म्हणाले. "हा टायमिंगचा. हे तर आपलंच हाय सगळं." मग उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर बोट थांबलं. "अन् इथं यानं अर्धा आटा फिरवला."

दुसऱ्या दिवशी मी इन्शुरन्स कंपनीला खरं काय ते मेल केलं आणि ट्यूनरला फोन केला. ओरिजिनल फाईल परत टाकायची. तो म्हणाला, पुढच्या रविवारी येतोय, पैसे नाही घेणार. तोवर गाडी हळू चालवा, ९५ टाका.

शनिवारी पहाटे मी चहा घेत होते तर बाबा गाडीजवळ उभे. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट.

"कुठे निघालात?"

"चाल. एक डाव दाखव."

अमरावती रोड रिकामा होता. बाजारगावच्या पुढे मी म्हटलं, धरा. आणि दाबला. बाबांचं डोकं सीटला टेकलं. त्यांनी डोळे मिटले होते, पण मैत्रिणीसारखे घाबरून नाही. ते ऐकत होते. मी मर्यादेच्या आतच पाय काढला, टर्बोने सुस्कारा सोडला आणि गाडी मंदावली. बरंच अंतर ते काही बोलले नाहीत.

"ते जुनं वालं कधी टाकते म्हणे तो?"

"उद्या."

"हं." त्यांनी काच खाली केली, बाहेर पाहिलं. "मग आज कोंढाळीपर्यंत जाऊन येऊ."